साडेतीन वर्षांच्या घोडीला कावा देताना: दोरी, जागा आणि पायांतली गरमी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून साडेतीन वर्षांची म्हणून मारवाडी घोडी आणली. रोज सकाळी खळ्यावर, म्होरकीला ५ मीटरची नायलॉनची दोरी बांधून, पाऊण तास गोल फिरवली जाते. डावीकडे ती बरी जाते. उजवीकडे चार-पाच फेऱ्या झाल्या की आत वळून तोंडासमोर उभी राहते, मध्येच जोर लावून बाहेर ओढते. गेल्या आठवड्यापासून पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या आतल्या बाजूने गरम लागतात. साधनं कोणती घ्यावीत आणि कावा द्यावा कसा, म्हणजे दोरीवर गोल फिरवावं कसं, असं विचारलं आहे.

साधनांच्या आधी पाय. आजपासून गोल फिरवणं पूर्ण बंद करा. गुडघ्याखाली, नळीच्या आतल्या बाजूला बोटाने वरून खाली चाचपत या. कुठे वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी टणक गाठ लागते का, दाबल्यावर घोडी पाय काढून घेते का, ते बघा. कोवळ्या घोड्याला कडक जमिनीवर जास्त काम दिलं की मुख्य नळीचं हाड आणि त्याला चिकटलेलं बारीक हाड यांच्यातला बंध ताणला जातो, सूज येते आणि तिथे हाड वाढून गाठ बनते. वेळीच थांबलं तर बहुतेकदा गाठ राहते, पण लंगडेपणा जातो. गरमी नळीच्या मागच्या बाजूला, शिरेवर (म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेवर, रक्तवाहिनीवर नव्हे) असेल तर मामला जास्त गंभीर आहे. दोन्ही प्रसंगी दिवसातून दोनदा १५ ते २० मिनिटं पायावर गार पाण्याची धार सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. तालुक्याच्या दवाखान्यात घोड्यांचा अनुभव कमी असेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. लेप, शेक, चोळणं यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दुसरं, वय स्वतः तपासा. बाजारात तोंडी सांगितलेलं वय धरून कामाचं गणित करू नका. घोड्याचे पुढचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. शेजारचे दात अजून दुधाचे असतील तर घोडी साडेतीनची नाही, तीनच्या आसपास किंवा त्याहून लहान आहे. मग तिला गोलात घालायचंच नाही. हातात धरून सरळ रस्त्याने चालवणं एवढंच तिचं काम.

आता हे का झालं, ते समजून घेऊ, कारण चूक घोडीची नाही. ५ मीटर दोरीतली मीटरभर हातात जाते, म्हणजे त्रिज्या उरली ४ मीटर. एक फेरी २५ मीटरची. दुडकीत घोडं सेकंदाला साधारण ३ मीटर जातं, म्हणजे आठ-साडेआठ सेकंदांत एक फेरी. पाऊण तासातला निम्मा वेळ जरी दुडकीत गेला तरी रोज १६० फेऱ्या झाल्या. एवढ्या लहान गोलात तोल सांभाळायला घोड्याला सुमारे १३ अंश आत कलावं लागतं. त्रिज्या ८ मीटर केली की तोच कल निम्म्यावर येतो. कललेल्या घोड्याचा खूर जमिनीवर सपाट पडत नाही, एका कडेवर आधी पडतो, आणि तो वाकडा भार वर नळीपर्यंत जातो. त्यात खाली खळं. खळं मुळात दाणा मातीत मिसळू नये म्हणून सारवून, चोपून टणक केलेलं असतं. धान्याला जे चांगलं, तेच खुराला वाईट.

खळ्यावर बैल फिरतात तसं घोडं फिरवायचं, ही मळणीची उपमा आणखी एका कारणासाठी मनातून काढून टाकावी लागते. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, पात धरलेले बैल संथ चालतात, त्यांचं काम तुडवण्याचं असतं. काही ठिकाणी घोडंही खांबाला बांधून तसंच फिरवतात. खांब दोरी सैल सोडत नाही, घोडं बिथरलं तर दोरी खांबाला गुंडाळत जाते आणि गोल दर फेरीला लहान होत जातो. मान मोडण्याचे अपघात असेच होतात. कावा देणं म्हणजे घोडं दमवणं नव्हे. जुन्या मराठीत कावा म्हणतात त्यालाच आज लंजिंग म्हणतात. दुरून, आवाजाने आणि अंगाच्या इशाऱ्याने घोड्याला ऐकायला, तोल धरायला आणि दोन्ही बाजूंना सारखं वळायला शिकवण्याची ती पद्धत आहे. दमवायचंच असेल तर कोवळ्या पायांचं नुकसान न करता सरळ वाटेने चालवणं केव्हाही बरं.

साधनांत सगळ्यांत आधी दोरी बदला. नायलॉन घोड्याने खेचली की तळहाताची साल काढते, आणि पाऊस-घामात गुळगुळीत होते. ८ मीटर लांब, अडीच-तीन सेंटीमीटर रुंद सुती पट्टी हवी. बाहेरून मागवायची नसेल तर खाटेची चांगली घट्ट विणीची नवार घ्या, दुहेरी करून दोन्ही कडांनी शिवून घ्या, टोकाला फिरती कडी असलेला पितळी हूक लावा. हूक फिरता नसेल तर पट्टीला पीळ पडतो आणि पीळ पडलेली पट्टी घड्यांतून सुटत नाही. हातातल्या टोकाला फास किंवा मूठ ठेवूच नका. त्याऐवजी टोकापासून मीटरभरावर एक गाठ मारा, म्हणजे न बघताही दोरी संपत आल्याचं हाताला कळतं.

डोक्याला म्होरकी चालते, पण फक्त शांत, शिकलेल्या घोड्याला. तुमच्या घोडीने बाहेर ओढलं की म्होरकी फिरून पलीकडच्या डोळ्यावर जाते, आणि डोळ्याला पट्टा लागला की कोणतंही घोडं आणखी ओढतं. या कामासाठी नाकपट्टीवर मधोमध कडी असलेली खास म्होरकी असते, तिला केव्हेसन म्हणतात. खोगीर शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेता येते. नाकपट्टी साडेतीन-चार सेंटीमीटर रुंद, आतून जाड नमदा, वर मधोमध घट्ट बसवलेली कडी, आणि गालाच्या गोलाईवरून जाणारा एक जादा पट्टा. हा जादा पट्टा कारागीर गाळून टाकतात, आणि तोच सगळ्यांत कामाचा. मारवाडी घोड्याचं तोंड अरुंद असतं, नाकपट्टी सहज फिरते. गालाचा पट्टा नीट आवळला तरच गालपट्टी डोळ्यापासून दूर राहते. नाकपट्टी गालाच्या उंचवट्याच्या हाडाखाली दोन बोटं बसवा. त्याहून फार खाली नको, कारण नाकाचं हाड तिथे बारीक होत कुर्चेत संपतं. पट्टी तिथे आली तर श्वास कोंडतो, दुखापतही होते. पट्टीखाली एक बोट जाईल एवढीच ढिलाई ठेवा. सैल पट्टी घासते, घट्ट पट्टीपेक्षा जास्त जखम करते.

दोरी लगामाला लावू नका. आतल्या कडीला लावली तर लोखंड तोंडातून ओढलं जातं. डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कडीला लावली तर लोखंड वर खेचलं जातं आणि ओठांचे कोपरे चिरतात. काटेरी लगामाचा तर विचारही नको. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केलेल्या १९६५च्या केंद्रीय नियमांत काटेरी काठी आणि काटेरी लगाम दोन्हींना बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तोंड फाडलेल्या घोड्याला पुढे हलक्या हाताने काहीच शिकवता येत नाही, हे नुकसान आयुष्यभराचं.

चाबूक लांब हवा. काठी १.८ मीटर आणि पुढे तेवढीच दोरी. वेळूची हलकी काठी आणि सुती गोफ पुरतो. तो मारायला नसतो, तुमचा हात लांब करायला असतो. इथे तुमच्या घोडीबद्दल एक गोष्ट तपासा. यात्रेत आणि वरातीत नाचवण्यासाठी तयार केलेल्या घोड्यांना चाबकाच्या इशाऱ्यावर जागच्या जागी पाय उचलायला शिकवलेलं असतं. चाबूक पायाजवळ नेल्यावर ती पुढे न जाता टाप मारायला किंवा पुढचे पाय उचलायला लागली, तर तो हट्ट नव्हे. शिकलेलं काम ती इमानाने करते आहे. अशा घोडीला चाबकाचा नवा अर्थ आधी हातात धरून शिकवावा लागतो. तिच्या शेजारून चालत जायचं, चाबकाची दोरी मागच्या बाजूला जमिनीवर हलकेच सरपटवायची, ती एक पाऊल पुढे टाकताच चाबूक खाली. पंधरा दिवस गेले तरी घाई करू नका.

माणसासाठी: डोक्यावर टोप, पायात बूट, चप्पल कधीच नाही, उपरणं किंवा लोंबता कपडा नको. हातमोजे हवेतच. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचे पातळ चामड्याचे मिळतात, ते चालतात. घोडीच्या चारही नळ्यांवर पायटोपं, म्हणजे नळीभोवती बसणारी संरक्षक आवरणं, चढवा, कारण वळताना एक पाय दुसऱ्याला लागतो. कापडी पट्टी बांधायची सवय नसेल तर बांधूच नका. एका जागी घट्ट झालेली पट्टी शिरेचं जे नुकसान करते ते पायावर पाय लागण्यापेक्षा मोठं असतं.

जागेचा प्रश्न मराठवाड्यात सगळ्यांत अवघड आहे. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि भेगांत खूर अडकतो, पावसाळ्यात तीच चिखल होऊन नाल ओढून काढते. मुरमाचं माळरान बरं, पण वरचे खडे वेचावे लागतात. पैसे खर्चायची तयारी असेल तर १८ ते २० मीटर व्यासाचं वर्तुळ आखा, खाली मुरूम रोलरने दाबून घ्या, बाहेरच्या बाजूला हाताला जेमतेम कळेल एवढा उतार द्या आणि वर ५ ते ८ सेंटीमीटर वाळू टाका. १० सेंटीमीटरच्या पुढे वाळू खोल झाली की शिरा ताणल्या जातात, म्हणून जास्त वाळू म्हणजे जास्त चांगलं असं धरू नका. खर्च नको असेल तर निचऱ्याच्या हलक्या जमिनीचा तुकडा निवडा, वखराची एक पाळी द्या, ढेकळं फोडा, आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा. वरचे दोन-तीन इंच मोकळे आणि खाली घट्ट, एवढंच साधायचं असतं. पायवाट पडून खड्डा होऊ लागला की पुन्हा पाळी. कुंपण असेल तर उत्तम, निदान दोन बाजूंनी बांबूचे आडवे वासे बांधा. काटेरी तार मात्र आसपासही नको.

आता फिरवणं. पाय गार झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, की सुरुवात हातात धरून करा. चल, थांब, पुन्हा चल. यात्रेत घोडी गुजरात-राजस्थानपासूनची येतात, तुमचे शब्द तिच्या कानाला नवे असू शकतात. शब्द कोणता हे महत्त्वाचं नाही, तो रोज तोच आणि त्याच सुरात हवा. थांबवताना ‘होऽऽ’ लांब आणि उतरता. पुढे नेताना आखूड आणि चढता. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा.

मग मदतनीस घ्या. तो घोडीच्या बाहेरच्या बाजूने, डोक्याजवळ, साध्या दोरीने तिला धरून गोलावर चालतो. तुम्ही मध्यभागी. शब्द फक्त तुमचा, मदतनीस मुका. तुम्ही ‘होऽऽ’ म्हणालात की तो थांबतो, घोडीही थांबते. तीन-चार दिवसांत घोडी मदतनिसाआधी थांबू लागली की तो एक-एक पाऊल बाजूला सरकतो आणि शेवटी निघून जातो. लहान गोलात फक्त चाल. दुडकी पूर्ण ८ मीटर दोरीवरच.

उभं राहायची जागा नीट शिका, कारण उजवीकडचा तुमचा सगळा त्रास तिथे आहे. घोडी, दोरी आणि चाबूक मिळून एक त्रिकोण होतो, टोकाला तुम्ही. तुमची बेंबी घोडीच्या तंगाच्या जागेकडे, म्हणजे पुढच्या पायाच्या जरा मागे रोखलेली हवी. डावीकडे फिरताना दोरी डाव्या हातात, चाबूक उजव्यात. उजवीकडे उलट. बहुतेक माणसांचा उजवा हात चाबकाला सरावलेला असतो. डाव्या हातात चाबूक आला की तो खाली पडतो किंवा उलटा पुढे येतो, आणि नकळत माणूस घोडीच्या डोक्यासमोर सरकतो. घोड्याच्या भाषेत समोर येणं म्हणजे थांब, वळ. ती तुमचं ऐकून आत वळते आणि वर मार खाते. त्यात भर म्हणजे जन्मापासून तिला डाव्या बाजूनेच धरलेलं असतं, उजव्या डोळ्यात माणूस तिला परका वाटतो. म्हणून रोज दहा मिनिटं उजव्या बाजूने धरून चालवा, खरारा उजवीकडून सुरू करा, आणि घोडी नसताना डाव्या हाताने चाबूक धरायचा सराव करा. आत वळू लागलीच तर मागे सरकू नका. तिच्या खांद्याच्या दिशेने एक पाऊल टाका, चाबूक खांद्याकडे रोखा, ती बाहेर गेली की लगेच पुन्हा तंगाच्या रेषेत या. चाबूक मागच्या पायाच्या मधल्या सांध्याकडे असला तर पुढे जा, खांद्याकडे असला तर बाहेर सरक, खाली मागे वळवला तर सावकाश, असा साधा अर्थ ठेवा.

दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही. तळहातावर पुढे-मागे अशा घड्या घाला, सर्वांत आधी सुटणारी घडी सगळ्यांत वर. घोडीने उसळी घेतली तर एक-एक घडी सुटत जाते, बोट अडकत नाही. दोरी जमिनीवर लोळू देऊ नका, पायात अडकते. बाहेर ओढणाऱ्या घोडीशी रस्सीखेच करायची नाही. तिचं वजन तुमच्या पाचपट आहे. मूठ क्षणभर आवळा, लगेच सैल करा, पुन्हा आवळा. सततच्या ओढीवर घोडं रेलतं, ओढ सुटली की त्याला रेलायला काही उरत नाही. खरंच उधळली आणि पायाखालची जमीन सुटायला लागली तर दोरी सोडून द्या.

दिशा बदलताना तिला आत बोलावू नका. ती गोलावर, तोंड पुढे ठेवून उभी राहील. चाबूक काखेत, टोक मागे, दोरीच्या घड्या घालत तुम्ही तिच्यापर्यंत जायचं. स्वतःहून आत येण्याची सवय तिला आधीच लागलेली आहे, म्हणून याची काटेकोर शिस्त पाळा.

वेळ सांगतो: पहिला महिनाभर आठवड्यातून दोन-तीन दिवस, सगळं मिळून १२ मिनिटं. आधी दोन्ही बाजूंना दोन-दोन मिनिटं चाल, मग दोन मिनिटं दुडकी, थांबा, बाजू बदला, पुन्हा तेच, शेवटी चाल. दौड दोन महिने तरी नाही. डोकं बांधणाऱ्या बाजूच्या दोऱ्या, म्हणजे साइड रेन, सध्या अजिबात नको. ताठ उंच मान दिसावी म्हणून त्या आखडून बांधतात, मग पाठ खाली दबते आणि मागचे पाय अंगाखाली येत नाहीत. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडतो का, ते जमिनीवर ठसे बघून कळतं. तेच तुमचं माप. पुढच्या पायाने लंगडणारं घोडं चांगला पाय टेकताना डोकं खाली टाकतं, दुखरा टेकताना वर उचलतं. फेरीत एकदा जरी असं दिसलं तर त्या दिवशीचं काम तिथेच संपवा.

चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा साडेसातच्या आत काम उरकलेलं हवं. १९६५च्या त्याच नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना दुपारी १२ ते ३ जुंपायला मनाई आहे, ती कावा देतानाही पाळावी. आरामात असताना घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि नाडी २८ ते ४४ असते. काम संपल्यावर १५ मिनिटांनी कुशीकडे बघून श्वास मोजा. २०च्या खाली आला नसेल तर सावली, पूर्ण अंगावर गार पाणी, पुन्हा पाणी. पुढच्या खेपेला वेळ निम्मा.

आणि रेवाल चालीची गोष्ट. दुडकी मागितल्यावर ती एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागली तर रागावू नका, ती चाल तिच्या रक्तात किंवा शिकवणीत असते. पण गोलात त्या चालीने तोल ठेवणं तिला अवघड जातं. सरळ जागेवर, जमिनीवर १.२ ते १.३ मीटर अंतराने चार वासे आडवे ठेवा आणि हातात धरून त्यांवरून आधी चालत, मग हळू दुडकीत न्या. तिरके पाय जोडीने उचलायला ती तिथे शिकेल. वासे पायाने सरकतात, म्हणून दोन्ही टोकांना मातीची पोती लावून ठेवा.